ई-मेलने आलेली दुरुस्ती

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



संगणकाच्या क्षेत्रात आपल्या मुलामुलींना कोणत्या संधी आहेत, यावर चार शब्द बोला, असे कार्यवाह साहेबांनी मला सांगितले. या विषयावर बोलताना अभ्यासक्रमांची नावे, फीचे आकडे आणि पगाराचे आकडे सांगण्याची रीत आहे. ती माहिती आपल्याला इतरत्र सहज मिळेल. मी आज अशा एका दरवाजाविषयी बोलणार आहे, की ज्याला फी नाही, प्रवेश परीक्षा नाही आणि जेथे कोणाची शिफारसचिठ्ठी लागत नाही. तेथे जाणाऱ्याने आपले काम एका ई-मेलमध्ये घालून पाठवायचे, एवढेच. परंतु दरवाजा उघडा आहे एवढ्याने भागत नाही. दारात आलेल्याशी आत बसलेल्या माणसाने कसे वागावे, हाही प्रश्न आहे. माझे आजचे बोलणे मुख्यतः त्या आत बसलेल्या माणसाविषयी आहे, कारण आज दारात उभी असलेली आपली मुले उद्या आत बसणार आहेत.

प्रथम ही दुनिया कोणती ते सांगतो. काही प्रोग्राम असे असतात की त्यांचा मूळ मजकूर कोणीही वाचू शकतो, आपल्या गरजेप्रमाणे बदलू शकतो आणि दुसऱ्यास देऊ शकतो. त्यांना ओपन सोर्स प्रोग्राम म्हणतात. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्वाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स नावाचा प्रोग्राम लिहावयास घेतला व तो सर्वांसाठी खुला केला. आपल्या घरातील अँड्रॉइड फोन त्याच्याच आधारावर चालतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील एकूण एक संगणक लिनक्सवर चालत आला आहे. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्याची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि प्रत्येक आवृत्तीत दोन हजारांच्या आसपास माणसांचे काम असते. या माणसांतील बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. त्यांचा व्यवहार चालतो तो ई-मेलवर आणि पॅचवर.

पॅच म्हणजे ठिगळ. प्रोग्राममध्ये चूक सापडली तर सगळा प्रोग्राम पुन्हा लिहून पाठवायचा नसतो. जी ओळ काढायची तिच्यापुढे वजाचे चिन्ह, जी घालायची तिच्यापुढे अधिकाचे चिन्ह आणि जागा ओळखता यावी म्हणून आजूबाजूच्या दोन-चार ओळी, एवढाच मजकूर पाठवायचा. १९८५ साली लॅरी वॉल या अमेरिकन गृहस्थांनी असे ठिगळ मूळ मजकुरावर आपोआप बसविणारा प्रोग्राम लिहिला आणि त्याचे नावच पॅच ठेवले. शेकडो मैल दूर असलेल्या दोन माणसांना एकाच कामावर हात चालविणे त्यामुळे सोपे झाले. आपल्यापैकी ज्यांनी रफूचे काम पाहिले आहे त्यांना यातील मर्म सांगावयास नको. रफूगार कपड्याचा पोत पाहतो, रंग पाहतो, उभा-आडवा धागा पाहतो आणि मगच सुई घालतो. चांगली रफू आजूबाजूच्या कापडाला ओढ देत नाही. पॅचचेही तसेच आहे.

आज पॅच पाठविण्याच्या दुसऱ्या, दिसायला सोप्या अशा रीतीही निघाल्या आहेत. तरीसुद्धा लिनक्सचा कर्नल, गिट आणि पोस्टग्रेस यांसारखे मोठे प्रकल्प ई-मेलनेच पॅच घेतात. त्याला कारण आहे. ई-मेल साध्यातल्या साध्या संगणकावरून आणि मंद जोडणीवरूनही जातो. त्यासाठी एका विशिष्ट कंपनीकडे खाते काढावे लागत नाही. शिवाय कोणी काय सुचविले, कोणी कोणता आक्षेप घेतला आणि निर्णय का झाला, हे सारे वर्षानुवर्षे वाचता येते.

आता आत बसलेल्या माणसाकडे वळू. त्याला मेंटेनर म्हणतात. प्रकल्पाची देखरेख करणारा आणि आलेला पॅच घ्यावा की नाही हे ठरविणारा तो. माझ्या मते त्याची पाच कर्तव्ये आहेत.

पहिले कर्तव्य उत्तर देण्याचे. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, स्वतः चूक करून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी मी एका लहानशा ओपन सोर्स प्रोग्रामची देखरेख करीत होतो. एका विद्यार्थ्याने पॅच पाठविला. अकरा ओळींचा होता. सवडीने पाहू म्हणून मी तो बाजूला ठेवला आणि ती सवड पाच महिन्यांनी मिळाली. पाहिले तर पॅच अगदी बरोबर होता. ज्या चुकीबद्दल लोक माझ्याकडे तक्रार करीत होते, नेमकी तीच त्याने दुरुस्त केली होती. मी आनंदाने त्याला लिहिले. त्याचे उलट उत्तर अदबीचे होते. 'सर, काही कळले नाही म्हणून माझे काम आपल्या योग्यतेचे नसावे असे मी समजलो, आणि ते सोडून दिले.' मी त्याला नकार दिला नव्हता. मी फक्त गप्प राहिलो होतो. पण नवख्या माणसाला गप्प राहणे हाच नकार वाटतो, आणि कारण न सांगितलेला नकार त्याच्या मनाला अधिक लागतो.

म्हणून ज्या प्रकल्पांनी गप्प राहण्यावर उपाय शोधला त्यांच्याकडून शिकावे. पोस्टग्रेस या माहितीसाठा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या मंडळींनी २००८ पासून वर्षातून काही वेळा कमिटफेस्ट भरविण्याची प्रथा ठेवली आहे. त्या महिन्यात नव्या कामापेक्षा आलेले पॅच तपासण्यावर भर असतो. प्रत्येक पॅचची नोंद होते आणि त्याच्यापुढे त्याची स्थिती लिहिलेली असते. तपासणी व्हायची आहे, लेखकाच्या उत्तराची वाट आहे, घेण्यास तयार आहे, सूचना देऊन परत केला किंवा नाकारला. पाठविणाऱ्याला आपला कागद कोणत्या टेबलावर आहे ते दिसते. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविलेल्या पालकांना याची किंमत मी सांगावयास नको. आणखी एक चांगला नियम तेथे आहे. जो आपला पॅच पाठवितो त्याने दुसऱ्याचाही एखादा पॅच तपासावा अशी अपेक्षा असते. त्यामुळे तपासणारे हात वाढतात आणि शिकणाराही शहाणा होतो.

दुसरे कर्तव्य कसोटी लावण्याचे. उत्तर दिले पाहिजे याचा अर्थ होकार दिला पाहिजे असा नाही. ओपनएसएसएल नावाचा प्रोग्राम बँकांचा व इतर कामांचा गुप्त मजकूर इंटरनेटवरून सुरक्षित नेतो. त्याच्यासाठी एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने एक भर पाठविली. तपासणाऱ्याच्या नजरेतून एक गोष्ट सुटली. समोरून आलेला मजकूर सांगितला तेवढ्याच लांबीचा आहे का, हे पाहणारी ओळ त्यात नव्हती. ३१ डिसेंबर २०११ रोजी ती भर मूळ प्रोग्राममध्ये गेली आणि चूक उघडकीस आली एप्रिल २०१४ मध्ये. तोवर जगभरच्या असंख्य संगणकांचे कुलूप नुसते दिसायला लावलेले होते. विद्यार्थ्याने ती मुद्दाम केली नव्हती. चूक कोणाकडूनही होते, म्हणून तर दुसरी नजर हवी असते. आणि महत्त्वाच्या जागी तिसरीही.

तिसरे कर्तव्य भाषेचे. नकार कामाला द्यावा, माणसाला नव्हे. 'तुला येत नाही' आणि 'या ओळीमुळे अमुक ठिकाणी प्रोग्राम बंद पडेल' या दोन वाक्यांत पहिल्याने माणूस जातो, दुसऱ्याने शिकतो. लिनस टोर्वाल्ड्स यांची ई-मेलमधील जहाल भाषा बरीच वर्षे प्रसिद्ध होती. त्यांचा अधिकार मोठा, ज्ञान मोठे, म्हणून लोक सोसत होते. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामातून सुटी घेतली आणि त्याच सुमारास कर्नलच्या मंडळींनी वर्तनाचे नियम स्वीकारले. एवढ्या मोठ्या माणसाला माफी मागताना कमीपणा वाटला नाही, हे आपण शिक्षकांनी आणि पालकांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

चौथे कर्तव्य नावाचे आणि श्रेयाचे. गिट या प्रोग्राममध्ये प्रत्येक बदलाबरोबर दोन नावे वेगवेगळी नोंदली जातात. एक काम करणाऱ्याचे आणि दुसरे ते मूळ संग्रहात घालणाऱ्याचे. मेंटेनरने पॅच घातला म्हणून तो मेंटेनरचा होत नाही. ज्याने चूक कळविली, ज्याने तपासणी केली, ज्याने चालवून पाहिले, त्यांचीही नावे लिहिण्याची पद्धत आहे.

कर्नलमध्ये याच्या जोडीला जबाबदारीची ओळ असते. २००३ साली एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर दावा लावला. आमच्या मालकीचा मजकूर लिनक्समध्ये घातला गेला, असे तिचे म्हणणे होते. तेव्हा कोणती ओळ कोणाच्या हातून आली हे सांगता येण्याची गरज सर्वांना पटली आणि २००४ साली नवी पद्धत सुरू झाली. पॅच पाठविणारा खाली आपल्या नावाची सही करतो. हे काम माझे आहे किंवा मला ते देण्याचा हक्क आहे, आणि ही नोंद कायम राहील हे मी जाणतो, असा त्या सहीचा अर्थ. पुढे तो पॅच ज्याच्या ज्याच्या हातून वर जातो तो तो त्याखाली आपली सही घालतो. निनावी पॅच घेतला जात नाही.

ही सह्यांची साखळी मी प्रथम पाहिली तेव्हा मला लहानपणी मौलवी साहेबांनी समजावून दिलेली इस्नादची गोष्ट आठवली. हदीसच्या मजकुराआधी तो कोणी कोणाकडून ऐकला, त्या सर्व रावींची नावे येतात, आणि मुहद्दिसांनी त्या एकेका नावाची पारख केली. दीनच्या कामाची थोरवी वेगळी. मी तुलना करतो ती केवळ पद्धतीची. मजकूर कोठून आला आणि वाटेत कोणाच्या हातून गेला हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे, ती इल्मची शिस्त आहे, हे आपल्या पूर्वजांना शेकडो वर्षांपूर्वी ठाऊक होते.

पाचवे कर्तव्य ओझे वाटून घेण्याचे, आणि यावर मला थोडे अधिक बोलावयाचे आहे. एक्सझेड नावाचा एक लहानसा प्रोग्राम आहे. माहिती दाबून तिचा आकार कमी करणे हे त्याचे काम. अनेक मोठ्या प्रोग्रामांना तो लागतो, पण वर्षानुवर्षे त्याची देखरेख एकच गृहस्थ फावल्या वेळात, विनावेतन करीत होते. २०२१ मध्ये एक नवा मदतनीस ई-मेलने पॅच पाठवू लागला. पॅच कामाचे होते. २०२२ मध्ये आणखी काही नावांनी त्या गृहस्थांवर ई-मेल येऊ लागले की, पॅच पडून राहतात, तुम्हाला जमत नसेल तर काम दुसऱ्याकडे द्या. आपली मनःस्थिती ठीक नाही आणि हे काम छंदाचे आहे, असे त्या बिचाऱ्यांनी मोकळेपणाने लिहिले. अखेर त्या मदतनीसाच्या हाती अधिकार गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने नव्या आवृत्तीत एक चोरदरवाजा लपविला. ज्या ज्या संगणकावर तो पोहोचला असता तेथे परक्याला आत शिरता आले असते. ती तकादा लावणारी नावेही त्याच डावातील असावीत, असे आज मानले जाते.

हा डाव उधळला तो एका जागरूक माणसामुळे. पोस्टग्रेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना दुसरेच काम करताना दिसले की, संगणकात प्रवेश करावयास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! दुसरा कोणी असता तर त्याने दुर्लक्ष केले असते. त्यांनी कारण शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जगजाहीर केले.

या हकिकतीवरून कोणी म्हणेल की, मग अनोळखी माणसाचा पॅच घेऊच नये. मला तसे वाटत नाही. पहिल्या दिवशी आलेल्या अनोळखी माणसाने येथे घात केला नाही. ओळख झाली, भरवसा बसला आणि बरोबरीने पाहणारे कोणी उरले नाही, तेव्हा घात झाला. एकट्या, थकलेल्या माणसावर सारे ओझे टाकणे हा खरा दोष. म्हणून प्रकल्पात निदान दोन-तीन मेंटेनर असावेत, आजारपणात कोणी काम सांभाळावयाचे हे ठरलेले असावे, आणि त्या कामावर ज्या कंपन्या नफा कमावतात त्यांनी आपल्या पगारी माणसांचा वेळ त्यास द्यावा. उत्तर लवकर द्यावे, परंतु निर्णय तकाद्याखाली घेऊ नये.

दुसरी एक घटना याच्या उलट बाजूची आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या काही संशोधकांनी २०२० मध्ये, तपासणारे किती सावध असतात हे अजमावण्यासाठी, खोट्या नावांनी मुद्दाम दोष असलेले पॅच कर्नलकडे पाठविले. एप्रिल २०२१ मध्ये याचा स्फोट झाला आणि त्या सबंध विद्यापीठाकडून येणारे काम घेणे थांबविण्यात आले. मेंटेनर मंडळींचा संताप योग्यच होता. विश्वासाने दार उघडणाऱ्यावर त्याला न विचारता प्रयोग करणे गैर आहे, आणि विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे माफी मागितली. पण त्या विद्यापीठातून प्रामाणिकपणे काम पाठविणारे इतरही होते. त्यांचा काय दोष? एकाच्या करणीचा जाब साऱ्या जमातीला विचारला जातो तेव्हा काय वाटते, हे या सभागृहात बसलेल्यांना मी समजावून सांगू नये. कर्नलच्या मंडळींनी संतापावर गोष्ट सोडली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. त्या विद्यापीठातून आधी आलेले जुने पॅच त्यांनी एकेक करून पुन्हा तपासले. त्यांतील बहुसंख्य चांगलेच निघाले आणि ते ठेवण्यात आले. न्यायाची रीत तीच. पाठविणाऱ्याचे नाव, गाव, विद्यापीठ पाहून पॅच नाकारू नये आणि ओळखीचे नाव पाहून डोळे मिटून घेऊही नये. माणसाला इज्जत द्यावी, पॅचला कसोटी लावावी.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी. घेणाऱ्याने चांगले वागावे असे म्हणताना पाठविणाऱ्याचीही काही जबाबदारी असते. एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती करा. मजकूर साधा ठेवा, कर्नलला पाठविताना ई-मेलला वेगळी फाइल जोडू नका. काय बदलले हे ओळींवरून दिसतेच. का बदलले ते लिहा. पाठविण्यापूर्वी स्वतः चालवून पाहा. कोणता भाग कोण पाहतो याची यादी कर्नलबरोबरच असते, ती पाहून योग्य माणसाला पाठवा. यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर स्वतःला समजल्याखाली सही करू नका, कारण सही तुमची आहे. निदान एक आठवडा थांबा, मग अदबीने आठवण करा. दोष दाखविले तर रुसू नका. ते दुरुस्त करून दुसरी आवृत्ती पाठवा आणि दुसरीत काय बदलले ते सांगा. अनुभवी माणसांचे पॅचसुद्धा चौथ्या-पाचव्या फेरीत घेतले जातात. आरंभ एखाद्या लहान चुकीपासून, माहितीपत्रकातील अशुद्ध वाक्यापासून केला तरी चालतो. इंग्रजी साधे असले तरी पुरते, भाषेचा डौल कोणी पाहत नाही.

पालकांना माझी एक विनंती आहे. मूल रात्री संगणकापुढे बसलेले दिसले तर रागावण्याआधी ते काय करते आहे ते विचारा. या कामाचे पैसे लगेच मिळत नाहीत आणि प्रमाणपत्रही मिळत नाही. परंतु त्याच्या नावाची जी नोंद होते ती जगात कोणालाही, केव्हाही पाहता येते. मुलींच्या बाबतीत तर हे विशेषच सांगतो. घरात बसून, घरातील साध्या संगणकावरून, स्वतःच्या नावाने करता येण्यासारखे हे काम आहे. तिच्या कामावर तिचेच नाव राहू द्या.

शेवटी पुन्हा त्या विद्यार्थ्याकडे येतो. त्याचा पॅच मी त्याच्याच नावाने प्रोग्राममध्ये घातला, पण तो स्वतः परत आला नाही. अकरा ओळी मिळाल्या आणि माणूस गेला. हा सौदा तोट्याचा होता. त्यानंतर मी एक नियम केला आहे. आलेला पॅच आज तपासता आला नाही तरी त्या आठवड्यात दोन ओळी लिहितो. 'आपला पॅच पोहोचला. अमुक तारखेपर्यंत पाहतो. शुक्रिया.' या दोन ओळी लिहावयास एक मिनिटही लागत नाही. आपल्यापैकी जो कोणी उद्या एखाद्या प्रकल्पाच्या आत बसेल, त्याने एवढा नियम जरूर पाळावा, ही माझी विनंती आहे.